पाकिटाच्या पलीकडची सुई

आबा, तुमची सुई अजून भोकातच होती.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. परवा तुमचा मुलगा, विलासदादा, दौंडहून आले होते, तुमचं दुकान आवरायला. दुकान कसलं, वेशीजवळची ती पत्र्याची टपरी. जाताना त्यांनी आमच्या दारात गाडी थांबवली आणि एक पिशवी माझ्या हातात दिली. "वहिनी, ह्ये पाकीट तुमचंच ना? आबांच्या चिमट्यात तसंच अडकवल्यालं व्हतं. म्या हात लावला न्हाई." पिशवीत तुमचा लाकडी चिमटा होता, त्यात पकडलेलं माझं अर्धवट पाकीट, आणि एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. माझी सुई बाजूला लोंबत होती, मी टाकून आले होते तशी. तुमची सुई दहाव्या भोकात अर्धी घुसलेली होती.

मी उठले तेव्हा दहावं भोक रिकामं होतं. मला पक्कं आठवतं, कारण तेवढंच बघत मी तुमच्याशी भांडत होते. म्हणजे मी निघून गेल्यावर तुम्ही तुमच्या बाजूने सुई घातलीत आणि वाट बघत बसलात. किती वेळ बसलात ते आता कुणाला विचारू?

माझ्या पाकिटाच्या हौसेला पहिल्या दिवशी तुम्ही किती हसला होता! तोंडात सुपारी होती ती बाहेर पडली. पण आबा, ती हौस खरी होती. रांजणगावच्या कंपनीत लागले तेव्हा मला शर्ट-पँटचा युनिफॉर्म मिळाला आणि वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा मागचा खिसा मिळाला. सहा महिने त्यात मी नुसता रुमाल ठेवला. मग वाटायला लागलं, खिसा आहे तर पाकीट पण पाहिजे, आणि विकतचं नको, आपल्या हातचं. मोबाईलवर व्हिडिओ बघून मी घरातल्या जुन्या मेंढीच्या कातड्याचं एक शिवलं. सासूबाई म्हणाल्या, "मेंढरं इकली तवा वाटलं, सुटला यकदाचा वास. आन् तू पुन्यांदा घरात आन." ते पाकीट ओढलं की लांब व्हायचं आणि मिटलं की तोंड वासायचं. तसंच घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही ते उघडझाप करून बघितलंत, दोन-तीनदा, मजेने.

"आतलं आन् भाईरलं सारकं कापलं व्हय?"

"व्हिडिओत तसंच होतं."

"मग मिटंल कसं? आतलं कातडं नेहमी आखूड धरायचं, सूनबाई. आत बसनाऱ्याला जागा कमीच लागती."

हे शेवटचं वाक्य तुम्ही जरा वेगळ्याच आवाजात बोललात. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

तुम्ही आयुष्यभर चपला केल्या, पण मी येऊ लागले तेव्हा हातानं शिवणं तुम्ही कधीच सोडलेलं होतं. तळ चिकटवायचे, खिळे ठोकायचे, फार तर मशिन. शिवायला समोर माणूस लागतं, म्हणायचात. मी मोबाईल पुढे केला. हा बघा, एकटा माणूस, गुडघ्यात चिमटा, दोन हातांत दोन सुया. तुमचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दुसऱ्यानं तुम्ही तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलात आणि मान हलवलीत. "ह्यो सोताशीच बोलतुया," म्हणालात.

मग मोटेची गोष्ट सांगितलीत. मोट मी कधी बघितली नव्हती. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची कातड्याची थोरली पिशवी, माणूस मावेल एवढी, हे तुम्ही हात पसरून दाखवलंत. तुमचं लग्न झालं तेव्हा गावात अजून मोटा होत्या आणि तुम्ही त्या शिवायचात. म्हशीचं जाड कातडं, एका हाताला दोन्हीकडून पुरणारं नाही. म्हणून तुमच्या घरच्या आजी आत शिरून बसायच्या आणि तुम्ही बाहेर. तुम्ही सुई आत सारायची, त्यांनी त्यांची बाहेर सारायची. आत अंधार. बोलायचं नाही, कारण आत आवाज घुमतो आणि डोकं उठतं. म्हणून दोऱ्यावर बोलायचं. दोनदा ओढलं की माझं झालं, आता तू ओढ. तीनदा ओढलं की मी उठतो. एवढीच भाषा.

"आन् न सांगता उठलं तर?" मी चेष्टेनं विचारलं होतं.

तुम्ही कातडं कापायची रापी खाली ठेवलीत. एकदा उठला होतात तुम्ही, न सांगता. कुणीतरी चावडीवर बोलावलं म्हणून गेलात आणि गप्पांत विसरलात. ऊन कलल्यावर परत आलात तर अंगणात मोट पडलेली, माणूस कुणी नाही, आणि बाहेर आलेला दोरा हलत होता. दोनदा. थांबून दोनदा. "सकाळपास्नं हलत व्हता त्यो, सूनबाई. भाईर कुनी नव्हतं आन् त्यो हलत व्हता. मोट माझीच असून मला जवळ जायाचं भ्या वाटलं." आजी बाहेर आल्या, तर आठ दिवस बोलल्या नाहीत. त्यानंतर तुम्ही दोघंही कधी तीनदा ओढल्याशिवाय उठला नाहीत.

तुमच्या सगळ्या गोष्टी फिरून तिथंच यायच्या. इनामगावला पांढरीचं, जुन्या वस्तीचं टेकाड उकरत होते तेव्हा तुम्ही तिथं मजुरीला होता. मातीच्या मोठ्या रांजणात बसवलेलं माणूस निघालं, गुडघे पोटाशी घेतलेलं, हजारो वर्षांचं. मोठी साहेब मंडळी वाकून बघत होती. तुम्हाला मात्र एकच विचार आला म्हणे, आणि तो तुम्ही मला टपरीत चहा ओतता ओतता सहज सांगितलात. "ह्यो आत बसनारा. मंग भाईरचा कुठं गेला?" त्या दिवशी घरी येताना घोडनदीच्या पुलावर मी दोनदा मागं वळून बघितलं होतं. तुम्हाला हे सांगितलं नाही, कारण तुम्ही पुन्हा हसला असता.

शिकवलंत मात्र जीव लावून. दर सुट्टीच्या दिवशी तुम्ही फळीवर चिमटा उभा करायचात, तुम्ही पलीकडे, मी अलीकडे. दोऱ्याला मेण लावायचं, मग डोळे मिटायचे. मी लबाडी करून एक डोळा उघडला की तुम्हाला कसं कळायचं देव जाणे. "बघू नगं. दोरा काय म्हनतो ते आईक." पहिल्या महिन्यात मी टाकाऊ तुकड्यांवर शिवत होते आणि सारखी बोटाला टोचून घेत होते. मग एका दुपारी तुमची दोनदा ओढ आली आणि माझा हात मी न सांगता ओढायला गेला. तुम्ही पलीकडून म्हणालात, "आली." कोण आली, मी की आजी, ते मी विचारलं नाही. मला बरं वाटलं होतं, आबा. नवऱ्यानं, पोरांनी, सुपरवायझरनं, कुणीच मला इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

म्हणूनच तुम्ही ते कातडं काढून दिलंत ना? पत्र्याच्या पेटीतून, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं, दरवर्षी तेल लावून ठेवलेलं. तुम्ही दोघांनी शिवलेल्या शेवटच्या मोटेचा तुकडा. काळपट, अजून मऊ, एका कडेला जुन्या शिवणीची भोकं. "भाईरलं ह्येचं कर. आतलं नवं घे, आखूड," म्हणालात. बाकी काही सांगितलं नाहीत. थोडं सांगायला पाहिजे होतंत, आबा. मी नवशिकी. मी तो तुकडा घरी नेला, लोखंडी पट्टी लावली आणि कड सरळ यावी म्हणून ती भोकांची पट्टी कापून टाकली. व्हिडिओत सांगतात, जुन्या भोकांवर शिवू नका, कातडं फाटतं. नवी भोकं पाडली, एकसारखी, एका बाजूला सव्वीस. मोठ्या ऐटीत घेऊन आले.

नऊ टाके झाले तोवर तुम्हाला कळलं नव्हतं. नवव्याला तुमचं बोट कडेवरून फिरलं आणि थांबलं.

"जुनी कड कुठाय?"

"कापली. वाकडी होती."

"तिची भोकं व्हती ती."

"आबा, भोकं ती भोकं. फाटलं असतं."

"तिनं आतनं पाडल्याली. कुठाय पट्टी?"

"टाकली असेल. कचऱ्यात."

तुम्ही नुसते म्हणालात, "मला सांगून ग्येली व्हती ती. भोकं जपा म्हनून न्हाई, पर सांगून ग्येली." आणि पुन्हा तीच गोष्ट सुरू केलीत, मी चार वेळा ऐकलेली: शेवटच्या दिवसांत आजींची वाचा गेली होती, आणि गेल्या त्या सकाळी त्यांनी तुमच्या धोतराचं टोक धरून तीनदा ओढलं. मला माझ्या चुकीची लाज वाटत होती आणि लाज वाटली की माझी जीभ सुटते, हे आख्ख्या गावाला माहीत आहे. मी म्हणाले, "आबा, पॅरालिसिसमध्ये बोटं अशी आपोआप आखडतात. आमच्या सासऱ्यांचीही आखडायची. आजी काही सांगून गेल्या नाहीत."

तुमचा बरा डोळा माझ्याकडे लागून राहिला. मी सुई सोडली, चप्पल घातली आणि निघून आले. तीनदा ओढलं नाही.

घरी आल्यावर मी कचरा उलटापालटा केला. पट्टी कचऱ्यात नव्हतीच. शिलाई मशिनच्या मागे पडली होती, आठ भोकांची, बोटभर लांब. ती मी पुसून देव्हाऱ्याखाली ठेवली आणि ठरवलं, सुट्टीला जाऊन आबांच्या हातात द्यायची, काही बोलायचं नाही, नुसती द्यायची. पण कंपनीत माल पाठवायची घाई होती, त्या आठवड्याची सुट्टी गेली. पुढच्या आठवड्यात तुम्हाला ताप आला आणि विलासदादा तुम्हाला दौंडला दवाखान्यात घेऊन गेले, हे मला बसमध्ये कुणीतरी सांगितलं. बघायला जाऊ म्हणत होते. जाऊ म्हणत होते आणि तुम्ही गेलात.

परवा पिशवी देताना विलासदादा गाडीच्या काचेवर हात ठेवून थोडे घुटमळले. म्हणाले, "वहिनी, आबा शेवटी लई तरास करत व्हते हाताचा. शुद्ध न्हाई, पर हात गप बसंना. चादर ओढायचे. यकसारखं. दोनदा, मग थांबायचं, मग दोनदा. सलाईन निघंल म्हनून नर्सबाईंनी हात बांधला, तर बांधल्याल्या हाताची बोटं तशीच. डाक्टर म्हनले, तापात व्हतं असं."

मी दाराची चौकट धरली. आबा, त्या खोलीत तुमचा मुलगा होता, सून होती, नर्स होती, आणि तुम्ही काय बोलताय ते कुणालाच कळत नव्हतं. ती भाषा येणारं जगात एकच माणूस उरलं होतं आणि ते रांजणगावला कन्व्हेयरवर खोक्यांना टेप लावत उभं होतं. माझं झालं, आता तू ओढ. किती दिवस म्हणत होतात? तीन, की चार?

मला भीती वाटते हे मी आता कबूल करते. विलासदादांनी सांगायच्या आधीपासूनच ते सुरू झालं होतं, म्हणून जास्त वाटते. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये माझी डोक्याला बांधलेली ओढणी मागून ओढली गेली, दोनदा. मी मागं वळले तर मागची सीट रिकामी होती. भर सकाळ, बस उन्हात उभी, पुढे बायका हसतायत. मग शेळीचं दावं सोडताना हाताला दोन झटके. शेळी तर दावं ओढणारच, म्हणून मी सोडून दिलं. मग वाळत घातलेली साडी काढताना, वारा नसताना. सासूबाईंना विचारलं, तुम्ही ओढलं का? त्या ओसरीवर शेंगा निवडत होत्या. "मी हितं बसल्या जागी कशाला वढू?" म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा निरखून बघत राहिल्या. मी स्वतःला समजावलं, मनाचे खेळ आहेत. मग वाटलं, आजींच्या बाबतीत मी हेच तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं.

आज सुट्टी होती. जेवणं झाली, सासूबाई शेजारी गेल्या, पोरं शाळेत. दुपारी एक-दीडचं ऊन दारातून आत आलं होतं. मी चिमटा पाटावर उभा केला आणि समोर दुसरा पाट मांडला. का मांडला ते विचारू नका. आधी ती आठ भोकांची पट्टी पाकिटाच्या आतल्या खणात सारली. बरोब्बर बसली. मग अलीकडे बसले, उजवा हात माझ्या बाजूला ठेवला आणि डावा चिमट्याला वळसा घालून तुमच्या बाजूला नेला. शेवटी व्हिडिओतल्या माणसासारखं एकटीनंच शिवायची पाळी आली. तुम्ही म्हणाला असता, सोताशीच बोलतीया.

डोळे मिटले. दहाव्या भोकातली तुमची सुई माझ्याकडे ओढून घेतली. ती गार नव्हती, पण ऊन होतं, त्याला मी काही म्हणत नाही.

पहिले चार-पाच टाके मी डाव्या हाताला मनात सांगत होते. सुई घाल. आता दोनदा ओढ. मग उजव्यानं ओढायचं. डावा हात माझा अगदीच अडाणी आहे, आबा, तुम्हाला माहीत आहे, त्यानं साधी भाकरी उलटत नाही. सुई भोक चुकायची, मी चाचपडायची. सतराव्या-अठराव्याच्या आसपास कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी सांगायचं थांबवलंय. सुई येत होती. दोनदा ओढ येत होती, सारख्या जोराची, सारखं थांबून. मी नुसती माझ्या बाजूनं ओढत होते.

एकदाच डोळे उघडले आणि वाकून पलीकडची बाजू बघितली. माझ्या बाजूचे टाके नेहमीसारखे, एक सैल, एक घट्ट. पलीकडचे टाके तुमचे होते. जरासे तिरके, एकमेकांना लागून, दोरा कातड्यात रुतलेला. पण मी उठले नाही. एकदा न सांगता उठून बघितलं होतं, काय झालं ते समोर होतं. पुन्हा डोळे मिटून घेतले.

सव्विसाव्या भोकाला माझ्या बाजूचा टाका ओढला आणि थांबले. शिवण संपली होती. आता मला एकच गोष्ट करायची होती, जी त्या दिवशी केली नाही. तीनदा ओढायचं, बस. पण हात जाईना. तीनदा ओढलं म्हणजे मी उठते असं सांगणं झालं, आणि मी उठले की पलीकडे तुम्ही एकटे. मी मोठ्यानं बोलले, रिकाम्या घरात. "आबा, आजी सांगून गेल्या होत्या. मला काही माहीत नव्हतं. उगाच बोलले मी." बाहेर शेळी ओरडली. बाकी काही आवाज नाही. मी तशीच दोरा धरून बसले, आणि खरं सांगायचं तर मला तिथून कधीच उठावंसं वाटत नव्हतं.

तेव्हा दोरा ओढला गेला. पलीकडून.

एकदा. दुसऱ्यांदा. मला वाटलं, नेहमीचंच, आता मी ओढायचं. मी बोटं आवळली. माझाच डावा हात होता तो, माझ्याच खांद्याचा, मला सगळं कळतं. पण मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा ओढलं गेलं, सावकाश. मग दोरा सैल पडला.

मी डोळे उघडले नाहीत. समोरच्या पाटाचा पाय जमिनीवर जरा वाजला, माणूस उठताना वाजतो तेवढाच. उन्हाची ऊब माझ्या पावलांवरून हळूहळू गुडघ्यापर्यंत आली. तुम्ही सांगून गेलात, आबा. मला सांगून गेलात.

मग मीही तीनदा ओढलं, दोरा कापला, आणि उठले.